ऐक्याच्या नावावर मागितलेले मौन

‘आपण सगळे एकच’ हे वाक्य ऐकले की सीमाभागातल्या मराठी माणसाचे कान टवकारतात. ते कोण म्हणतो आहे, कोणाला म्हणतो आहे आणि म्हणणाऱ्याच्या हाती काय सत्ता आहे, हे तो आधी पाहून घेतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे, तिथे सरकारी सूचना आणि महत्त्वाची कागदपत्रे त्यांच्या भाषेतही मिळावीत, हे केंद्र सरकारने मान्य केलेले तत्त्व आहे. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस मराठी परिपत्रक मागायला गेला की त्याला पुष्कळदा ऐक्यावर प्रवचन ऐकावे लागते: भेदाची भाषा कशाला, आपण सारे एकाच राज्याचे ना? ऐक्य कोणालाच नको नसते. पण ज्याला काही द्यायचे आहे तोच ऐक्याची आठवण करून देऊ लागला, तर त्याने मागणाऱ्याचे तोंड बंद करण्याची सोय केलेली असते, एवढे आम्हांला अनुभवाने कळलेले आहे. हाच मराठी माणूस रविवारी सकाळी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला, पंचांच्या यादीत त्याचे नाव आले आणि बायकांच्या बाजूने एखादा प्रश्न निघाला की तो मात्र निःशंकपणे सांगतो, ‘ख्रिस्तामध्ये आपण सगळे एकच आहोत, मग हा स्त्री-पुरुष वाद इथे कशाला?’ या लेखात त्याच्याशी थोडा वाद घालायचा आहे.

त्याच्या वाक्याचा आधार बायबलमध्ये, प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरलेला नाही, कारण ख्रिस्त येशूच्या ठायी तुम्ही सर्व एक आहात, असे ते वचन सांगते. आपल्याकडे ते लग्नात, ऐक्य सप्ताहात आणि महिला रविवारी वाचले जाते, आणि ऐकणाऱ्याला बहुधा असे वाटते की हे आत्म्यांच्या समतेबद्दल असावे, स्वर्गात गेल्यावर लागू होणारे काहीतरी. परंतु त्याच पत्राचा दुसरा अध्याय वाचला तर हा समज टिकत नाही. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही माणसे आल्यावर तो त्या पंगतीतून उठू लागला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर विरोध केला. भांडण कोण कोणाबरोबर जेवतो याचे होते. पेत्राने परराष्ट्रीयांच्या आत्म्याबद्दल एक शब्दही वावगा काढलेला नव्हता. त्याने फक्त बसण्याची जागा बदलली होती, आणि तेवढ्याने सुवार्तेच्या सत्याला बाधा येते असे पौलाचे म्हणणे होते.

त्या पत्रातला मुख्य वाद सुंतेचा आहे, आणि सुंता ही पुरुषाच्याच शरीरावर होणारी खूण आहे. देवाच्या कराराचा माणूस म्हणून ओळखले जाण्याची जी खूण होती, ती स्त्रीला धारण करताच येत नव्हती. तिचे नाते बापाच्या किंवा नवऱ्याच्या नात्याने जोडले जाई. त्या खुणेच्या जागी पौल बाप्तिस्मा ठेवतो, आणि बाप्तिस्म्याचे पाणी मुलाच्या आणि मुलीच्या डोक्यावर सारखेच पडते. म्हणून ‘पुरुष आणि स्त्री’ हे शब्द त्या वचनात ओघात आलेले नाहीत. सुंतेची अट काढून टाकल्यावर जे घडते त्याचाच तो भाग आहे. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या समुदायाचा, सभासद होण्यासाठी स्त्रीला आता कोणाच्या मध्यस्थीची गरज उरलेली नव्हती, आणि सभासदत्व जर थेट असेल तर त्यातून येणारे अधिकार आडवाटेने का यावेत, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आपल्या देशातल्या मंडळ्यांनी या वचनाच्या पहिल्या दोन जोड्या कशा वाचल्या, हे पाहण्यासारखे आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहून कळवले की जातिभेद मंडळीतून ताबडतोब आणि कायमचा गेला पाहिजे. प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्याला ओठ लावण्यावरून तेव्हा मंडळ्या फुटल्या. ‘जात आत्मिक अर्थाने नाहीशी झाली आहे, बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या तरी चालतील’ असा युक्तिवाद त्या काळीही करणारे होते. आज बेळगावच्या कोणत्याही व्यासपीठावरून कोणी तो उघडपणे करणार नाही. जात पूर्ण गेली असे मुळीच नाही, लग्न जुळवताना ती कशी डोके वर काढते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु निदान वचनाचा अर्थ काय, याबद्दल दुमत उरलेले नाही. दासांचेही तेच. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा उपदेश इफिसकरांस पत्रात पत्नीने पतीच्या अधीन राहावे या उपदेशानंतर काही ओळींनीच येतो. पहिला उपदेश आपण त्या काळच्या समाजरचनेला धरून दिलेला मानतो, आणि दुसरा मात्र सर्व काळांसाठी. एकाच पत्रातल्या शेजारशेजारच्या ओळींना दोन मापे लावण्याचे कारण विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही.

विरोधकांची वचने माझ्याही परिचयाची आहेत. स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे, आणि स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये असे तीमथ्याला पहिल्या पत्रात आहे. ही वचने नाहीतच असे समजून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्याच करिंथकरांच्या पत्रात तीन अध्याय आधी पौल, प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या स्त्रीचे मस्तक आच्छादलेले असावे, असे सांगतो. आपल्या भागातल्या मंडळ्यांनी या वचनातला पदर अगदी निष्ठेने पाळला. अजूनही उपासनेला उभे राहताना आमच्या मावश्या, काकू पदर डोक्यावर घेतात, नव्या सुना ओढणी घेतात, आणि कोणी विसरली तर मागून हळूच आठवण करून दिली जाते. मात्र पदर घेऊन ती स्त्री सभेत काय करते आहे असे पौल गृहीत धरतो, तिकडे आपले लक्ष गेले नाही. ती बोलते आहे, मंडळीसमोर, मोठ्याने. मग चौदाव्या अध्यायातले मौन एका विशिष्ट गोंधळाला आळा घालण्यासाठी सांगितलेले होते की सर्व सभांसाठी, हा अभ्यासकांमधला खरा वाद आहे. पण पदर कायमचा आणि बोलणे तात्पुरते, असा निवाडा करण्याला पत्रात काहीच आधार नाही.

इतर उदाहरणेही त्याच शास्त्रात आहेत. वक्तृत्वात निपुण असलेल्या अपुल्लोसाला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून दिला, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि तिथे बायकोचे नाव आधी येते. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. येशूची शिष्या मार्था हिच्याबद्दल तर आपण मोठाच अन्याय केला आहे. ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ हा विश्वास पेत्राने बोलून दाखवला, त्यावर मंडळीच्या अधिकाराची केवढी इमारत उभी राहिली. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ वारल्यावर येशूला सामोरी जाऊन मार्थेने जवळजवळ त्याच शब्दांत तोच विश्वास बोलून दाखवला, आणि तिची आठवण आपण स्वयंपाकघराशी बांधून ठेवली.

बारा प्रेषित पुरुष होते, हा आक्षेप राहतो. ते यहूदीही होते, आणि आपल्या धर्मगुरूने किंवा पाळकाने यहूदी असावे अशी अट कोणी घालत नाही. तथापि कॅथलिक बांधवांच्या बाबतीत हा प्रश्न एवढ्या उत्तराने संपत नाही, हे मान्य केले पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये जाहीर केले की स्त्रियांना याजकदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, देण्याचा अधिकार चर्चला नाही आणि हा निर्णय सर्वांनी कायमचा मानावा. तो निर्णय मला पटत नाही. परंतु बेळगाव धर्मप्रांतातल्या एखाद्या गावच्या श्रद्धावान बाईला ‘तुमच्या पोपचे ऐकू नका’ असे सांगणे मला शोभणार नाही आणि त्याचा उपयोगही होणार नाही. तिला सांगण्यासारखे त्याच चर्चच्या घरात पुष्कळ आहे. याच पोपनी १९८८ मध्ये लिहिले की पती-पत्नीमधली अधीनता परस्परांची असते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचे धोरण प्रसिद्ध केले. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, वाचक आणि वेदीसेवक म्हणून स्त्रियांची रीतसर नेमणूक करण्याची वाट २०२१ मध्ये मोकळी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या सिनॉडमध्ये (बिशपांच्या जागतिक सभेत) स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चला, आर्थिक समिती असावी हा चर्चच्या कायद्याचाच नियम आहे, आणि तिच्यावर बसण्यासाठी दीक्षेची गरज नसते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी चालवलेल्या शाळांतून या जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्या शिकल्या; हजारो मुलांच्या शाळेचा हिशेब जिला सांभाळता येतो, तिला पॅरिशच्या दानपेटीचा हिशेब समजणार नाही असे कोण म्हणेल? दीक्षेच्या प्रश्नाआड जे बाकीचे सगळे लपवले जाते, त्याचे उत्तर रोमकडे मागण्याची गरज नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांना तर तेवढीही सबब नाही. मेथॉडिस्ट मंडळीच्या सर्वसाधारण परिषदेने १९५६ मध्ये स्त्रियांना पाळकपणाचे पूर्ण अधिकार दिले. भारतातली मेथॉडिस्ट मंडळी त्या वेळी त्याच रचनेत होती आणि १९८१ मध्ये स्वायत्त झाली. दक्षिण भारत मंडळीत १९७६ मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा मिळाली, आणि २०१३ मध्ये एग्गोनी पुष्पललिता आंध्रातल्या नंद्याळच्या बिशप झाल्या. म्हणजे नियमांच्या वहीत प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. प्रत्यक्षात मात्र वार्षिक सभेत नावे सुचवताना ‘एक बाई घ्या’ असे म्हणून महिला मंडळाच्या एका सभासदाला घेतले जाते, तिला प्रार्थना करायला सांगितले जाते आणि इमारत, जमीन, भाडे, बदल्या हे विषय आले की पुरुष खुर्च्या जवळ ओढून बसतात. वार्षिक मेळाव्याचा स्वयंपाक, नाताळची सजावट, रुग्णांच्या घरच्या भेटी आणि रविवारची शाळा ही कामे कोण करते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. जुन्या काळी ‘बायबल बाई’ पायी खेडोपाडी फिरून घराच्या आतल्या सोप्यापर्यंत शास्त्र पोहोचवीत असे, जिथे पाळकाला प्रवेश नसे. तिने शिकवले म्हणून घराणी मंडळीत आली. मंडळीच्या इतिहासात नाव मात्र पाळकाचे लागले.

या जिल्ह्यात चर्चबाहेर काय घडले ते पाहिले की ही तफावत आणखी उठून दिसते. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने पंचायत संस्थांत स्त्रियांना २५ टक्के जागा राखून ठेवल्या, घटनादुरुस्तीच्या दहा वर्षे आधी, आणि २०१० मध्ये ते प्रमाण ५० टक्के केले. बेळगाव महापालिकेत महिला महापौर झाल्या. पलीकडे धारवाडला १९७० मध्ये माते महादेवी जगद्गुरूच्या पीठावर बसल्या, तेव्हा अक्कमहादेवीची परंपरा सांगणाऱ्या लिंगायत समाजातही खळबळ झालीच होती, पण त्या बसल्या. सरपंचांचा नवराच कारभार पाहतो, ही पंचायतीतली तक्रार खरी आहे. तरीही ग्रामसभेत सही तिची लागते. सोमवारी ग्रामपंचायतीच्या अध्यक्षपदावरून ठराव मांडणारी ख्रिस्ती स्त्री आदल्या दिवशी चर्चच्या सभेत मागच्या बाकावरून फक्त ‘अनुमोदन’ म्हणते, या विसंगतीचे समर्थन कोणत्या वचनाने करायचे?

इथे एका बेळगावकराची आठवण काढली पाहिजे. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, लंडन मिशनच्या इथल्याच शाळेत शिकले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तीनच वर्षांनी विधवांच्या हालांवर त्यांनी जी कादंबरी लिहिली ती मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणली जाते. त्यांच्या पिढीने हिंदू समाजातल्या स्त्रीच्या स्थितीवर निर्भयपणे बोट ठेवले, त्याचे श्रेय त्यांना आहेच. पण आपण मागासलेल्या शेजाऱ्यांना सुधारणारे आहोत अशी एक समजूत त्यातून मंडळीत मुरली, आणि आपल्याच घरात पाहायचे राहून गेले. पंडिता रमाबाईंना हे लवकर कळले. आजच्या कर्नाटकातल्या पश्चिम घाटात १८५८ मध्ये मराठी घरात जन्मलेली ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाली आणि चेल्टनहॅमला शिकू-शिकवू लागली. तेव्हा तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अशी हरकत हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी घेतली. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर संस्कृतात बोलून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या होत्या, तिला ख्रिस्ती झाल्यावर पुरुषांसमोर बोलण्याची बंदी सुचवली जावी, हे तिला कसे मानवणार होते? आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, असे तिने लिहून कळवले. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये तिने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि त्याची छपाई तिथल्याच बायकामुलींनी केली. स्त्रीने शास्त्र शिकवावे की नाही याची चर्चा करणाऱ्या मराठी मंडळीत, शास्त्र एका स्त्रीने भाषांतरित करून ठेवलेले आहे.

आता घराकडे वळतो, कारण खरी कसोटी तिथे लागते. त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलीला १९१६ च्या तिथल्या कायद्याने मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८६ मध्ये तो अन्याय दूर केला. बेळगाव मुंबई इलाख्यात होते. इथल्या ख्रिस्ती मुलीला असे लढावे लागले नाही, कारण १८६५ च्या आणि नंतर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा दिलेला आहे. शेजारच्या हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत पूर्ण सारखा हक्क २००५ मध्ये मिळाला. आपल्या मुलीला तो बापाच्या मिळकतीत शतकाहून अधिक काळ कायद्याने आहे. आणि तरीही बाप गेल्यावर भाऊ तहसील कचेरीत उताऱ्यावर नावे लावायला जातो, बहिणींना बोलावून हक्कसोडावर सह्या घेतल्या जातात, साडीचोळी केली जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हिंदू शेजाऱ्यांची चाल आणि आपली चाल यांत या बाबतीत तसूभर फरक नाही. ज्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतले ते भाऊबहीण हे व्यवहार करतात, आणि त्यावर एखादे प्रवचन झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

घटस्फोटाच्या कायद्याची कथा आमच्यासाठी आणखी चमत्कारिक आहे. १८६९ च्या कायद्यानुसार नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत छळ किंवा दोन वर्षांचा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद रद्द ठरवला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या ख्रिस्ती स्त्रीला जो निकाल हक्काने पुढे करता येत होता, तो तासाभराच्या अंतरावरच्या बेळगावच्या स्त्रीला परराज्यातला निकाल म्हणून मांडावा लागत होता. संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला तेव्हा ही सीमा पुसली गेली. वारसा कायद्यात मात्र एक भेद अजून शिल्लक आहे. अपत्य नसलेला मुलगा किंवा मुलगी मृत्युपत्र न करता वारली आणि वडील हयात असले, तर जोडीदाराचा वाटा वगळून उरलेले सारे वडिलांना जाते. आईला काहीही मिळत नाही. आईबापाचा मान राख, अशी आज्ञा दोघांची नावे घेऊन दिली गेली असताना या कलमाविरुद्ध आपल्या मंडळ्यांनी आवाज उठवायला हवा होता.

कायदा बदलणे दिल्लीच्या हाती आहे. हक्कसोडाचा प्रश्न मात्र मंडळीच्या हाती आहे, आणि त्यासाठी नवी समिती नेमण्याचीही गरज नाही. लग्नाआधी पाळक किंवा धर्मगुरू वराला आणि वधूला विचारतात की तुम्ही हे स्वखुशीने करता आहात ना, कोणाचा दबाव नाही ना; चर्चमध्ये लग्नाची घोषणा रविवारी सर्वांसमोर वाचली जाते, ती कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणूनच. तसाच प्रश्न बापाच्या मृत्यूनंतर मुलीला एकटीला बोलावून विचारावा: वाटा सोडण्याची सही तू स्वखुशीने करते आहेस का? ‘हा कौटुंबिक मामला आहे, चर्चने यात पडू नये’ असे उत्तर येईल, आणि ते उत्तर देणारे बहुधा भाऊच असतील. लग्न हाही कौटुंबिक मामलाच होता, आणि त्यात चर्च गेली कित्येक शतके पडत आलेले आहे. विचारल्यावरही तिने सही केली तर तो तिचा निर्णय. पण एखादी ‘नाही’ म्हणाली, तर ते ‘नाही’ तिच्या भावासमोर उच्चारताना तिच्या शेजारी पाळक उभा राहील की नाही, हे प्रत्येक मंडळीने आपल्या पाळकाला पुढच्या वार्षिक सभेत विचारून घ्यावे, आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.